बासष्टच्या बासष्ट जांभळी

माझ्या मावशीचा हात कधी चुकला नाही असं मी म्हटलं, तर तीच मला दटावेल. चुकला, पुष्कळदा चुकला. तिच्या वह्यांमध्ये त्या चुका तारखेसकट लिहिलेल्या आहेत. ‘आज कळी फाटली.’ ‘आज चिठ्ठी बांधायची राहिली, बोंड टाकून दिलं.’ म्हणूनच, जी चूक तिनं केलीच नव्हती ती कबूल कर म्हणून सगळं ऑफिस हात धुऊन तिच्या मागे लागलं, तेव्हा ती अडून बसली. तशी ती अडून बसायला पहिल्यापासूनच पक्की. आई म्हणायची, ‘हिला लहानपणी झोपवायचं असलं की आम्ही जागं राहायला सांगायचो.’

मावशी फुलझाडांच्या संशोधन केंद्रात कामाला होती. शाळा अर्धवट सुटलेली. एकोणिसाव्या वर्षी कुंड्या धुवायला म्हणून लागली आणि दोन वर्षांत काचघरात गेली, कारण फुलांचा संकर करणाऱ्या बाईंची नजर अधू झाली होती आणि मावशीची बोटं बारीक होती. हुद्दा ‘मदतनीस’. पण सगळे तिला चिमटाबाई म्हणत. कारण तिच्या वरच्या खिशात कायम एक टोकदार चिमटा असे, आणि बोलणंही साधारण त्याच जातीचं.

काम काय, तर पेटुनियाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी हलकेच चिरायची, आतले पाच परागकोश चिमट्यानं काढून टाकायचे, म्हणजे फुलाला स्वतःचे पराग मिळत नाहीत. मग दुसऱ्या झाडाचे पराग आणून मधल्या हिरव्या टोकाला लावायचे, वर कागदी पिशवी, देठाला चिठ्ठी. दर वेळी चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून पुसायचा. महिन्याभरात बोंड वाळतं, आत धुळीसारखं बी. या गोष्टीच्या वेळेपर्यंत हे तिनं एकवीस वर्षं केलं होतं. एकवीस वर्षांत पाच साहेब झाले. चिमटा तोच.

आमच्या घरात आम्ही तिघी. आई कपडे शिवायची, मावशी काचघरात, आणि मी तेव्हा एका छापखान्यात मुद्रितं तपासायला नुकतीच लागले होते. दोन खोल्या, त्यातली एक शिवणयंत्रानं आणि कापडानं व्यापलेली. वर गच्ची होती, ती चार बिऱ्हाडांची मिळून.

आता गोष्ट. केंद्रात पेटुनियाच्या दोन पांढऱ्या जाती होत्या, सात नंबर आणि एकोणीस नंबर. दोन्ही दुधासारख्या पांढऱ्या. डोळ्यांना फरक कळायचा नाही. पाचव्या साहेबांनी त्यांच्यावर एक पुस्तिका लिहिली होती. त्यांचं म्हणणं, दोन्हींमध्ये एकच जनुक बिघडलेलं आहे, म्हणून जांभळा रंग तयार होत नाही. तेव्हा बी धरणाऱ्यांनी दोन्ही जाती शेजारी शेजारी लावल्या, मधमाश्यांनी इकडचे पराग तिकडे नेले, तरी बिघडत नाही, पुढचं बी पांढरंच निघणार. पुस्तिका छापून गावोगाव वाटली गेली होती, साहेबांच्या फोटोसकट. पुराव्यासाठी म्हणून एक संकर करून ठेवायचा राहिला होता. तो त्यांनी मावशीला सांगितला. सात नंबरची आई, एकोणीस नंबरचा बाप.

मावशीनं पाच कळ्या केल्या. बी पेरलं, रोपं उगवली बासष्ट. अकराव्या आठवड्यात कळ्या आल्या, आणि एका सकाळी ती काचघरात शिरली तर कळ्यांच्या टोकांना जांभळी रेघ. दोन दिवसांनी फुलं उमलली. जांभळी. गडद, रसरशीत जांभळी. एकूण एक.

‘मला आधी वाटलं मी दुसऱ्याच बाकापाशी आले,’ ती सांगायची. ‘चिठ्ठ्या वाचल्या. परत वाचल्या. आणि मग काय आनंद झाला गं मला! दोन पांढऱ्यांच्या पोटी जांभळं! एकवीस वर्षांत असलं पाहिलं नव्हतं. धावत गेले साहेबांना बोलवायला.’

साहेब आले. त्यांनी बासष्ट झाडांवरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘बाई, चिमटा पुसला नव्हता तुम्ही.’

‘पुसला होता.’

‘पलीकडच्या बाकावर जांभळी जात आहे. तिचे पराग लागले.’

‘साहेब, चिमट्याला चुकून लागलेले पराग ते किती? चार-दोन झाडं जांभळी निघतील, फार तर सहा. इथं बासष्टच्या बासष्ट आहेत. आणि त्याच दिवशी, त्याच चिमट्यानं मी सात नंबरच्या सात फुलांना त्यांचेच पराग लावलेत. ती सगळी रोपं पांढरी आहेत. ती बघा.’

साहेबांनी बघितलं नाही. म्हणाले, ‘मग तुम्ही बापच चुकीचा घेतला. एकोणीस नंबर म्हणून जांभळ्या झाडाचेच पराग आणले. म्हणूनच सगळी जांभळी.’

मावशी प्रामाणिक बाई. घरी येऊन आईला म्हणाली, ‘ताई, माणूस खोटं बोलत असला तरी मुद्दा बरोबर होता. बाप जांभळा असता तरी सगळी जांभळीच निघाली असती. मी तसं केलं नाही, हे मला माहीत आहे. पण माझ्या माहीत असण्याला कोण विचारतो?’

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात एक टंकलिखित कागद ठेवला गेला. ‘संकर करताना माझ्या हातून निष्काळजीपणा झाला, याची मला जाणीव आहे.’ खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ. काचघराचा माळी, ज्याला सगळे टोपीवाला म्हणत आणि ज्याचा मावशीवर खरोखर जीव होता, तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, ‘ताई, करून टाका सही. एका कागदानं काय होतंय? साहेब विसरतील, तुम्ही विसराल. कशाला उगीच आगीत हात घालता?’

‘मी विसरणार नाही ना,’ मावशी म्हणाली. ‘तीच तर भानगड आहे.’

तिनं पेन घेतलं आणि ठिपक्यांच्या रेघेवर सहीऐवजी लिहिलं, ‘हे खरं नाही.’ मग त्याच्याखाली सही केली. कागद परत साहेबांच्या टेबलावर.

त्याचं फळ लगेच मिळालं. तिच्या नोकरीच्या फाइलीत शेरा पडला, ‘कामात निष्काळजी, वरिष्ठांशी उद्धट.’ तिला काचघरातून काढून परत कुंड्या धुवायला बसवलं. ज्या हौदापाशी ती एकोणिसाव्या वर्षी बसली होती, त्याच हौदापाशी चाळिशीत. आणि ती बासष्ट झाडं उपटून खताच्या ढिगावर टाकायचा हुकूम सुटला.

हुकूम टोपीवाल्यानं पाळला. मावशी हौदावरून बघत होती. सुट्टी झाल्यावर ती ढिगापाशी गेली, त्यातली धडधाकट अशी सहा झाडं निवडली, मुळांना ओलं फडकं गुंडाळलं आणि सरळ फाटकाशी आली. लपूनछपून नाही. पहारेकऱ्याला म्हणाली, ‘वहीत लिही. टाकाऊ झाडं, नग सहा, ढिगावरून उचलली, घरी नेत आहे. वेळ घाल. माझी सही घे.’

पहारेकरी बिचारा गोंधळला. म्हणाला, ‘बाई, कचरा कुणी लिहून नेतं का?’

‘मी नेते,’ मावशी म्हणाली.

ती सहा झाडं आमच्या गच्चीवर आली. आईनं झिरझिरीत कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या, माश्या आत जाऊ नयेत म्हणून. मावशीनं प्रत्येक फुलाला त्याचेच पराग लावले. मी विचारलं, ‘यानं काय सिद्ध होणार?’

तिनं आईच्या बटणांचा डबा टेबलावर उपडा केला.

‘बस इथं. हे बघ, जांभळा रंग झाडात एका दमात तयार होत नाही. तो पायरी पायरीनं होतो, एकानं करून दुसऱ्याच्या हातात द्यायचं, तसा. प्रत्येक पायरीचं काम एकेका जनुकाकडे. आता एका शिंप्याकडे कापड बेतणारा नाही, पण शिवणारा आहे. दुसऱ्याकडे शिवणारा नाही, पण बेतणारा आहे. दोन्ही दुकानांतून शर्ट बाहेर पडत नाही. बरोबर?’

‘बरोबर.’

‘लोक बाहेरून बघतात आणि म्हणतात, दोन्ही दुकानं सारखीच. साहेबांनी तेच केलं. पण दोघांचं लग्न लावलं की पोराला आईकडून शिवणारा मिळतो, बापाकडून बेतणारा. झाला शर्ट! सात नंबरची बिघडलेली पायरी वेगळी आहे आणि एकोणीस नंबरची वेगळी. दोन पांढरे हे एकसारखे पांढरे नव्हेतच.’

आई यंत्रावरून मान न उचलता म्हणाली, ‘माझ्याकडे बेतणारीही मीच आणि शिवणारीही मीच. मला तुमची जनुकं नकोत.’

मावशीनं बटणं मांडायला घेतली. म्हणाली, ‘साहेब म्हणतात तसा बाप जांभळा असला, तर एकाच पायरीचा प्रश्न. मग या झाडांच्या पोरांत चारातली तीन जांभळी, एक पांढरं. हे मी शेकडो वेळा मोजलंय, माझ्या वह्यांत आहे. पण पायऱ्या दोन असल्या तर?’

ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आम्ही दोघी दुपारभर बसलो. निळं बटण म्हणजे पहिली पायरी शाबूत, काळं म्हणजे दुसरी शाबूत, पांढरं म्हणजे बिघाड. प्रत्येक पायरीसाठी आईकडून एक बटण, बापाकडून एक, अशा सगळ्या जोड्या लावल्या. सोळा ढीग झाले. ज्या ढिगात निळं आणि काळं दोन्ही निदान एकेक होतं, ते जांभळे. मावशीनं बोटानं मोजले. नऊ. उरलेले सात पांढरे. तिनं परत मांडले, परत मोजले. नऊ आणि सात.

‘म्हणजे चाराला तीन नाही,’ ती हळूच म्हणाली. ‘पांढरी जवळजवळ निम्मी निघणार. आता साहेबांनी तोंड उघडू दे.’

पुढचे चार महिने आमचं घर म्हणजे रोपवाटिका. डबे, फुटक्या बादल्या, कान तुटलेले कप, आईचे दोऱ्यांचे खोके, ज्यात म्हणून माती राहील त्यात रोप. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. वरच्या मजल्यावरची शेजारीण कपडे वाळत घालायला आली आणि तिनं जे तोंड सोडलं ते खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुमच्या दोरीखालची जागा तुमची. तिथं मी एकही डबा ठेवणार नाही. बाकी दोन बिऱ्हाडांना मी विचारलंय, ती हो म्हणालीत. आणि फुलं आली की तुम्हीच नातेवाईक घेऊन बघायला याल.’ ती आलीही, पण ते पुढं.

दिवसा मावशी कुंड्या धूत होती. हातांना भेगा पडल्या. जाता-येता कुणी म्हणे, ‘काय चिमटाबाई, आता ब्रशबाई का?’ ती म्हणे, ‘हो, आणि कुंड्या बघा कशा लखलखताहेत.’ एकदाच मी तिला रडताना पाहिलं. बोटं सुजली होती आणि बारीक रोपटं उचलताना तिच्याकडून मोडलं. ती तिथंच मातीत बसली. आई वर आली आणि तिच्या हातांना तेल लावत बसली. मग मावशीनं वही ओढली आणि लिहिलं, ‘आज एक रोप माझ्या हातून मोडलं.’

फुलं आली. तिनं एकटीनं मोजली नाहीत. ‘माझ्या मोजण्यावरच तर वाद आहे,’ म्हणाली. टोपीवाल्याला घरी बोलावलं, त्या शेजारणीला उभं केलं, मला वही दिली. तिघांनी वेगवेगळं मोजलं. झाडं दोनशे चाळीस. जांभळी एकशे अडतीस, पांढरी एकशे दोन. साहेबांचं खरं असतं तर पांढरी साठच्या आसपास हवी होती. बटणांचं खरं असेल तर एकशे पाच. टोपीवाल्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘मी ती छप्पन झाडं माझ्या हातांनी कुजवली हो.’

‘तुला हुकूम होता,’ मावशी म्हणाली. पण ‘काही हरकत नाही’ असं म्हणाली नाही.

आता ती हे घेऊन कुणाकडे जाणार होती, देव जाणे. पण तेवढ्यात बाहेरूनच वाट निघाली. पुस्तिका वाचून ज्यांनी दोन्ही पांढऱ्या जाती शेजारी लावल्या होत्या, त्यांच्याकडून पत्रं यायला लागली. पांढऱ्या बियाण्यात जांभळी फुलं येताहेत. एक नाही, अकरा पत्रं. मुख्य कार्यालयानं चौकशीला एक वयस्कर शास्त्रज्ञ बाई पाठवल्या. पांढरे आखूड केस, जाड चष्मा, आणि प्रश्न विचारून झाल्यावर खरंच उत्तराची वाट बघणाऱ्या.

साहेबांनी त्यांना सांगितलं की सुरुवात एका निष्काळजी मदतनिसापासून झाली, बाहेरही लोक तसेच निष्काळजी असणार. बाईंनी मदतनिसाला बोलवायला सांगितलं. मावशी हौदावरून उठून तशीच गेली, ओल्या कपड्यांनी, बाह्या दुमडलेल्या. सोबत वही.

तिनं सगळं सांगितलं. साहेब हसले. ‘गच्चीवर, फुटक्या कपांत केलेला प्रयोग! आणि झाडं केंद्रातून चोरलेली.’

‘फाटकावरची वही मागवा,’ मावशी म्हणाली.

वही आली. टाकाऊ झाडं, नग सहा, वेळ, सही. शास्त्रज्ञ बाईंनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली.

‘तरी या आकड्यांवर विसंबता येणार नाही,’ साहेब म्हणाले.

‘नका विसंबू,’ मावशी म्हणाली. ‘माझ्या हातावर तुमचा विश्वास नाही ना? मग मी चिमट्याला हात लावत नाही. तुम्ही करा संकर. आत्ता. या बाईंसमोर. सात नंबर आई करून एक, एकोणीस नंबर आई करून दुसरा. खोलीला बाईंचं कुलूप लावा. मी चार महिने त्या दारासमोरून जाणारसुद्धा नाही.’

शास्त्रज्ञ बाई उठल्या. ‘चला,’ म्हणाल्या.

काचघरात साहेबांनी चिमटा घेतला. कितीतरी वर्षांनी घेतला असावा. त्यांनी एक कळी धरली, आणि मागे हात बांधून उभ्या असलेल्या मावशीला राहवलं नाही.

‘साहेब, ती नको. तिचे पराग आतल्या आत फुटलेत. ती आधीच स्वतःची झाली. तिच्या खालची घ्या.’

ती बोलली नसती तर तो संकर फसला असता आणि बाईंच्या ते लक्षात येऊन साहेब तोंडघशी पडले असते. मी तिला पुढं विचारलं, का सांगितलंस? ती म्हणाली, ‘अगं, मला साहेबांना पाडायचं नव्हतं. मला फुलांचं उत्तर हवं होतं. फसलेली कळी काय उत्तर देणार?’

साहेबांच्या हातून दुसरी कळी फाटली, तिसरीही. शेवटी शास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि दोन्ही बाजूंनी पाच-पाच कळ्या स्वतः केल्या. कुलूप लावलं. पाणी घालायला त्यांनी स्वतःचा माणूस नेमला. आणि जाताना साहेबांना म्हणाल्या, ‘निकाल लागेपर्यंत या बाईंना कुंड्या धुवायला लावू नका.’

मावशी म्हणाली, ‘नको. निकाल लागेपर्यंत मी धुवेन. नाहीतर म्हणाल, दयेनं उठवली.’

चार महिने ती धूत राहिली. ती खोली होती त्या बाजूनं तर तिनं जाणंच सोडलं. वळसा घालून जायची, पावसातसुद्धा. बाईंनी परत येऊन कुलूप काढलं तेव्हा तिला बोलावलं गेलं. ती दारातच उभी राहिली. आत, दोन्ही बाकांवर, सात नंबर आई असो की एकोणीस नंबर, सगळी झाडं जांभळी. एक पांढरं नाही.

साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. शास्त्रज्ञ बाईंनी मावशीला विचारलं, ‘काही म्हणायचंय?’

‘हो. माझ्या फाइलीत एक शेरा आहे. तो खोडा. नुसता खोडू नका, बाजूला लिहा, हा खोटा होता.’

हे ‘खोटा होता’ लिहून घ्यायला आणखी सात महिने आणि तिची चार पत्रं लागली. ‘चुकीचा’ चालेल का, ‘अनवधानानं’ चालेल का, अशी ऑफिसनं बरीच घासाघीस केली. चालणार नाही, असं तिनं चारही वेळा कळवलं. त्या पत्रांची मुद्रितं तपासावीत तशी मी तपासली, म्हणून मला तोंडपाठ आहेत. शेवटी लिहिलं गेलं.

पुस्तिका मागे घेतली गेली. दोन पांढऱ्या जातींवर नवा अहवाल निघाला, त्यावर दोन नावं होती, शास्त्रज्ञ बाईंचं आणि मावशीचं. साहेबांनी माफी मागितली नाही. त्यांची बदलीही झाली नाही, गोष्टींत होते तशी. पुढची चौदा वर्षं दोघं त्याच काचघरात काम करत होते. पण निकाल हाती आला की साहेब आता म्हणायचे, ‘बाई, तुम्ही एकदा मोजून बघा.’ ती मोजायची. आकडा त्यांच्या मनासारखा नसला तरी तोच सांगायची, आणि ते तोच लिहायचे. एवढं त्यांच्याही पदरात टाकायला हवं.

नव्या मुली शिकायला यायच्या. मावशी त्यांच्या हातात चिमट्याच्या आधी वही द्यायची. ‘दिसलं ते लिहा. साहेबांना काय हवंय ते विचारू नका. आणि स्वतःची चूक झाली तर सगळ्यात आधी ती लिहा, म्हणजे न झालेली चूक कुणी तुमच्या नावावर घालायला आलं, तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येतो.’

ती निवृत्त झाली तेव्हा छोटासा समारंभ झाला. आई आणि मी दुसऱ्या रांगेत. मानपत्र वाचून दाखवलं गेलं: ‘कुशल, कष्टाळू, मनमिळाऊ आणि आज्ञाधारक.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं मानपत्र हातात घेतलं, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं आणि शेजारी बसलेल्या साहेबांना म्हणाली, ‘पेन द्या जरा.’

साहेबांनी दिलं. तिनं ‘आज्ञाधारक’ हा शब्द एका सरळ रेघेनं खोडला, बाजूला छोटी सही केली, तारीख घातली, आणि पेन परत केलं.

‘आता बरोबर आहे,’ म्हणाली, आणि चहाला गेली.